वरच्या मजल्यावरचे पोस्ट-पंक

नामपल्लीतील आमच्या इमारतीत माझ्या डोक्यावर जे गृहस्थ राहतात, ते आठवडाभर संगणकाच्या कंपनीत नोकरी करतात आणि रविवारी दुपारी, नेमके माझ्या झोपेच्या वेळी, बेस गिटारवर एकच सूर दळत बसतात. त्यावर ते गातही नाहीत; पंचनामा वाचावा तसे कोरडे बोलतात. प्रत्येक आक्षेपाला आधी "हौ" म्हणण्याची त्यांची सवय असल्याने त्यांच्याशी भांडण उभेच राहत नाही.

"हौ काका, गळा नाहीच मला. ह्या गाण्याच्या प्रकाराला पोस्ट-पंक म्हणतात. तुमच्या कॉलेजच्या दिवसांत विलायतेतल्या पोरांनी ठरवलं, वाजवता नाही आलं तरी चालतं, सांगायला काहीतरी पायजे. त्यांच्यामुळं आज माझ्यासारखे वाजवायलेत."

न येणारी गोष्ट दर रविवारी करणे हा कायद्याने उपद्रव ठरतो, असे मी त्यांना कलमवार लेखी कळवले.

पुढच्या रविवारी बेसच्या ठेक्यावर माझेच शब्द वरून ऐकू आले: "सबब आपणांस कळविण्यात येते की..." मी संतापाने जिना चढलो.

"हौ काका, परवानगी मागायला येणारच होतो. इतके चिडलेले शब्द मला कधी सुचले नाहीत. वाक्यं तेवढी लांब आहेत, दम पुरत नाही."

आजवर माझ्या तक्रारपत्रांची कचेऱ्यांकडून नुसती पोच मिळत असे. मी खुर्ची मागून घेतली आणि सगळे पुन्हा ऐकले. तिसरे कलम त्यांनी बेधडक गाळले होते. त्याविरुद्ध मी आजच तीव्र हरकत नोंदवली आहे. वाक्ये मात्र आखूड ठेवली आहेत.