लाल शाईचं पान

नातवंडांनो, हे देवनागरीत लिहिते आहे, कारण तुमच्यातल्या थोरलीने तसं मागितलं. तंजावुरात आमची मराठी फक्त बोलायची; ही लिपी मी मोठेपणी शिकले, त्यामुळे माझं अक्षर अजून बालवर्गातलं आहे. वाचता आलं नाही तर आईकडून वाचून घ्या.

तुमचे आईबाबा धाकट्याला घेऊन परदेशी घर लावायला पुढे गेले, त्या वर्षी थोरली सातवीत होती आणि तंजावुरात माझ्याकडे राहिली. माझ्याकडे म्हणजे आमच्याकडे. राजवाड्यामागच्या या गल्लीत तेव्हाही आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी धाकटी जाऊ, जिला तुम्ही छोटी आजी म्हणता. मी एकतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. ती पाचवीपर्यंत तमिळ शिकून, पापनाशमहून लग्न होऊन या घरात आली आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघर तिचं झालं.

थोरलीच्या शाळेने त्या वर्षी भाषेत पुढे असलेल्या बारा मुलांचा वेगळा इंग्रजी वर्ग काढला. त्यात तिची निवड झाली. मी वरवर शांत होते, पण हे यश माझंच आहे याबद्दल मला शंका नव्हती. रोज संध्याकाळी अर्धा तास तिला मोठ्याने वाचायला कोण बसवत होतं?

शनिवारी पालकांना या वर्गाची ओळख करून देणार होते. शाळेच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की घरातल्या ज्या मोठ्या माणसाचं बोलणं ऐकायला आवडतं त्याच्याबद्दल प्रत्येक मुलाने पानभर लिहावं, आणि जमलं तर त्या माणसालाच बरोबर आणून वर्गाला ओळख करून द्यावी. चिठ्ठी वाचून मी माझी राखाडी रेशमी साडी इस्त्रीला दिली.

शुक्रवारी दुपारी सवयीप्रमाणे तिचं दप्तर लावताना मी वही उघडली. पान छोट्या आजीवर होतं.

माझी छोटी आजी म्हणते, मोहरी रागावली की मगच बाकीचं घालायचं, असं त्यात होतं. गॅस बारीक झाला तर तो रुसलेला असतो. नारळ हलवून पाणी वाजलं नाही तर तो मुका. दही लागलं नाही तर ती म्हणते, रात्रभर जागं राहिलं बिचारं. थोरलीने हे सगळं इंग्रजीत जसंच्या तसं लिहिलं होतं. माझा उल्लेख एकदा होता: मोठ्या आजीला वेळेवर जेवण लागतं.

मला जे वाटलं त्याला मत्सर म्हणतात. त्या दुपारी मी त्याला इंग्रजी सुधारणं म्हटलं आणि लाल पेन घेतलं. मोहरी तडतडते असं केलं. गॅस मंद झाला, नारळात पाणी नव्हतं, दही विरजलं नाही. पान अगदी स्वच्छ झालं. कुठल्यातरी घरात कुठलीतरी बाई स्वयंपाक करत होती, आणि ती माझी जाऊ नव्हती. वही मी होती तशी दप्तरात ठेवली.

संध्याकाळी थोरली ओट्याला टेकून म्हणाली, "छोटी आजी, उद्या तू ये ना शाळेत."

"मी येऊन काय करू गो? सगळं इंग्रजीत असेल की." असं म्हणून जाऊ माझ्याकडे वळली. "अक्का, मी येऊ का?"

ती खरोखर विचारत होती. मी म्हणाले, "दोन तास बाकावर बसावं लागेल. तुझे गुडघे दुखतात. आणि तुला त्यातलं काय कळणार?"

"तेही खरं," ती म्हणाली, आणि चटणी वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी राखाडी साडी नेसून वर्गात पहिल्या बाकावर बसले. शिक्षिका माझ्या मुलीहून लहान असेल. आधी इंग्रजीत आणि मग तमिळमध्ये तिने वर्गात काय काय करणार ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "पालकांनी एकच करायचं आहे. मुलांचं लिहिलेलं घरी सुधारायचं नाही. घरात जसं बोलता तसंच इथे येऊ द्या, पुढचं मी बघते."

"म्हणजे आम्हाला सुट्टी," मागून एक वडील म्हणाले. सगळे हसले. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

मग मुलं ओळख करून देऊ लागली. एका मुलाचे आजोबा बसचे कंडक्टर होते. त्यांनी कुंभकोणमपर्यंतचे थांबे एका दमात ओरडून दाखवले. त्यांच्यानंतर थोरली उठली. तिने वही उघडली आणि लाल शाई पाहिली. माझ्याकडे पाहिलं. वही मिटली.

"या माझ्या मोठ्या आजी," ती इंग्रजीत म्हणाली. "माझं पान छोट्या आजीवर आहे. ती घरी आहे. पान कुणीतरी सुधारलंय, म्हणून मी तोंडानेच सांगते."

आणि ती आमच्या मराठीत बोलू लागली, जावेच्याच सुरात, कमरेवर तसाच हात ठेवून. वर्गात मराठी कळणारी मी एकटी. शिक्षिका माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही आम्हाला इंग्रजीत सांगाल का?"

मी उभी राहिले. आदल्या दिवशी खोडलेलं एकेक वाक्य माझ्याच तोंडाने परत आणलं. मोहरी रागावते, म्हणाले. गॅस रुसतो. दह्यापाशी आले तेव्हा सगळा वर्ग हसला, आणि एक आई शेजारणीला म्हणाली की आजपासून आमच्याकडेही हेच म्हणायचं. शिक्षिकेने ते फळ्यावर लिहिलं. माझं मन तिथे मोठं वगैरे झालं असं समजू नका. तो हशा माझ्यासाठी नव्हता, आणि ते मला प्रत्येक वाक्याला टोचत होतं.

परतताना ऑटोत मी म्हणाले, "पान मी नीट लिहून देते."

"नको. मी लिहीन." मग तिने विचारलं, "तिला का येऊ दिलं नाहीस?"

"तिचे गुडघे."

"ती रोज देवळात चालत जाते, आजी."

जाऊ दारातच उभी होती. "काय म्हणाले, अक्का?"

मी सगळं क्रमाने सांगितलं, कोण कशाला हसलं तेही. लाल पेनाचंही सांगितलं. ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "अय्यो, हे सगळं शाळेत सांगितलंत? दह्याचंसुद्धा?"

"दह्याचंसुद्धा."

त्या दिवशी तिने जेवायला उशिरा वाढलं, आणि मी वाट पाहिली.

पुढच्या वेळी पालकांना बोलावलं तेव्हा मी माझी राखाडी साडी तिला नेसायला दिली, निऱ्या बसवून दिल्या, आणि दोघींना ऑटोत बसवलं. मी मागे राहिले. स्वयंपाक माझ्याकडे होता. तेल तापवलं, मोहरी टाकली, वाकून कान दिला. मला तडतड ऐकू आली. थोडा वेळ आणखी ऐकलं. तडतडच होती.

त्या परत आल्या तेव्हा जाऊ चपला काढायच्या आधीच उंबऱ्यातून म्हणाली, "अक्का, मोहरी जळाली की."