आवेलाची बाटली

जहिराने हातातली बॅग पुन्हा पलंगावर पालथी केली, तेव्हा मुख्तारने चष्म्यावरून तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि बोलायचं टाळलं. एवढ्या वर्षांचा संसार माणसाला तेवढं तरी शिकवतोच.

पलंगावर पसरला होता तो ऐवज असा: दात घासायचा ब्रश, पेस्टची लहान नळी, कंगवा, साबणाची डबी, बोटभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरलेला शाम्पू, टाचांच्या भेगांना लावायचा भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, घट्ट गोळा. आणि या सगळ्यांत मानाने बसलेली एक चपटी काचेची बाटली. निम्मी भरलेली. घरातलं भांडण होतं ते तिच्यापायी.

"मोठ्या बॅगेत घाल गो ती. कपड्यात गुंडाळ," शेवटी मुख्तारला राहवलं नाही.

"नाय."

"कित्याक नाय?"

"मोठी बॅग विमानवाले घेतत. मगे ती खंय जाता ता कोणाक ठाऊक? सनोबरची बॅग इसारलास?"

सनोबर म्हणजे त्यांची मुलगी. लग्न होऊन मस्कतला गेली. मागच्या खेपेला ती विजयदुर्गला आली आणि तिची बॅग मात्र आठवडाभराने, भलतीच गावं फिरून आली. तेव्हापासून जहिराचा विमानाच्या पोटावर विश्वास उरला नव्हता. पण खरं कारण तेवढंच नव्हतं, आणि मुख्तारलाही ते माहीत होतं.

त्या बाटलीत आवेल होतं. नारळाचा रस काढून, चुलीवर मंद जाळावर आटवत आटवत काढलेलं तेल. ते काढताना चुलीपासून उठायचं नाही, नाहीतर करपलंच म्हणून समजा. बाटली मूळची गुलाबपाण्याची, जहिराच्या सासूची. सासू मोहल्ल्यातली पोरं न्हाऊ घालायची. तिचे हात थकले तसं ते काम जहिराकडे आलं, आणि कामाबरोबर सासूचा दंडकही आला: बाळासाठी काढलेलं तेल एकदा या बाटलीत उतरलं की ते दुसऱ्या भांड्यात ओतायचं नाही, आणि न्हाऊ घालणारीने ती बाटली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. का, ते सासूने सांगितलं नाही आणि जहिराने विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, पाळायच्या असतात.

मोहल्ल्यातलीच नव्हे, वरच्या वाडीतल्या हिंदूंचीही पोरं जहिराच्या पायांवर न्हाली होती. भिंतीला टेकून बसायचं, पाय लांब करायचे, दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ पालथं घालायचं आणि चोळायचं. आता त्यातली काही पोरं मिशा राखून मोटारसायकली उडवत होती. बाजारात एखादा ऐटीत बोलायला लागला की जहिरा चारचौघांत म्हणायची, "तू माका शिकवू नको. तुका मी नागडो पायार घेतलंय." मग त्या गड्याची मिशी आपोआप खाली यायची.

पण हल्ली बोलावणी कमी झाली होती. दुकानात प्लॅस्टिकचे टब आले, रंगीत लोशनं आली. वरच्या वाडीतल्या सुभद्राच्या नातवानंतर तिला कुणी हाक मारली नव्हती. जहिरा वरवर म्हणायची, बरं झालं, गुडघे तरी वाचले. आतून मात्र तिला ते फार लागलं होतं.

आणि आता सनोबरला मुलगा झाला. जहिराचा व्हिसा रखडला, पोराने वाट पाहिली नाही. व्हिडिओ कॉलवर जहिराने नातवाला पाहिलं, डोळे पुसले आणि पहिला प्रश्न टाकला, "न्हाण कोण घालता?"

"मीच. टब आणलो आसा," सनोबर म्हणाली. "आणि अम्मी, तेल-बिल काय हाडू नको. हयली डॉक्टरीण नको म्हणता. तू नुसती ये."

तू नुसती ये! तेव्हापासून जहिराचा जीव थाऱ्यावर नव्हता. नुसती येऊन काय करू? सोफ्यावर बसून लोकांसारखी नातवाकडे बघू? साऱ्या गावाची पोरं न्हाऊ घातली आणि लेकीचं पोर न्हाणार टबात! ती स्वयंपाकघरात जायची ती कशाला आलो ते विसरून परत यायची. गुडघे धरून जमिनीवर बसायची, पाय सरळ होतात का पाहायची, आणि कुणी आलं की काहीतरी सांडलंय असं दाखवून फरशी पुसायला लागायची. आवेल तिने काढलंच. सनोबरला सांगितलं नाही.

"नमनाक घडाभर तेल म्हणतत ता ह्याच," मुख्तार पुटपुटला.

मुलगा तौकीर देवगडला गेला असताना चेन लावलेली पारदर्शक पिशवी आणि त्या छोट्या बाटल्या घेऊन आला होता. त्याने बजावलं होतं, हातातल्या बॅगेत पातळ वस्तू शंभर मिलीच्या वर चालत नाही. जहिराने ते अक्षरशः पाळलं. औषधाबरोबर मिळणाऱ्या मापाच्या टोपणाने मोजून मोजून तिने काचेच्या बाटलीत शंभर मिली आवेल भरलं, एक थेंबही जास्त नाही. तौकीर घाईत होता. त्याने विचारलं, "शंभरच मां?" ती म्हणाली, "शंभरच." दोघंही खरंच बोलत होते.

गोव्याच्या विमानतळापर्यंतच्या वाटेत बॅग तिच्या मांडीवर होती. कणकवली गेली, सावंतवाडी गेली, आणि प्रत्येक गतिरोधकाला ती बॅगेत हात घालून बाटलीचं झाकण चाचपत होती. तौकीरने चहासाठी गाडी थांबवली तर म्हणाली, "चाय नको. उशीर होतलो." विमानाला अजून ढीगभर वेळ होता.

दारातून तौकीर मागे फिरला आणि पुढे ती एकटी. मोठी बॅग पट्ट्यावरून निघून गेली, तिचं तिला काही वाटलं नाही. हातातली बॅग मात्र यंत्रात शिरली तशी ती यंत्राच्या बाजूने, जणू गाईमागून चालावं तशी, पुढे पुढे सरकली. बॅग पलीकडून आली आणि भलत्याच बाजूला वळली.

खाकी वर्दीतल्या पोरीने पारदर्शक पिशवी उघडली. भिरंडेलाचा पिवळट गोळा उचलून वास घेतला, साबण समजून परत ठेवला. मग काचेची बाटली वर धरली. ही चालणार नाही, ती हिंदीत म्हणाली.

"शंभर है. नाप के डाला है," जहिराने आपलं बाजारातलं हिंदी काढलं.

पोरीने बाटलीच्या तळाशी उठावातला आकडा दाखवला. तेल किती ते नाही बघत, बाटली केवढी ते बघतात. बाटली दोनशेची आहे. छोटी बाटली असेल तर तीत ओता, नाहीतर इथे टाका. तिने पिंपाकडे बोट दाखवलं. पिंपात पाण्याच्या बाटल्या, अत्तरं, कुणाचंतरी लोणचं.

जहिराने पिशवीत पाहिलं. छोट्या बाटल्या होत्या, पण त्यांत शाम्पू. बाळाचं तेल शाम्पूच्या बाटलीत? टाचांना लावायचं पुढे जातं आणि नातवाचं पिंपात? तिला रडू आलं, राग आला, मोजणाऱ्या स्वतःच्या हातांचा राग आला. मागे रांग चुळबुळत होती.

"बाटली खाली चलेगी?" तिने विचारलं.

रिकामी असली तर चालेल, पोरगी म्हणाली.

बाजूला बायकांच्या तपासणीची पडद्याची खोली होती. जहिराने तिकडे बोट दाखवून विचारलं, आत बसू का थोडी? पोरीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने पडदा सरकवला आणि स्वतः दाराशी उभी राहिली. आतल्या स्टुलावर बसून जहिराने सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि बाटली उघडली. तेल दुसऱ्या भांड्यात ओतायचं नाही. ठीक. तिने ते नडग्यांवर ओतलं आणि चोळायला लागली. सावकाश, वरून खाली, बाळाला चोळतात तसं. खोलीभर नारळाचा वास पसरला.

पायांना का, पोरीने हळूच विचारलं.

"बेटी का बच्चा इधर सोयेगा," जहिरा म्हणाली.

उठताना पोरीने जहिराला हात दिला.

विमानात जहिराने काही खाल्लं नाही. झोपलीही नाही. तेल कपड्याला पुसून जाऊ नये म्हणून पाय आखडून बसली. सनोबरला काय सांगायचं याची दहा वाक्यं तिने जुळवली आणि दहाही मोडली. शेवटी ठरवलं, तोंड उघडायचंच नाही. नुसती ये म्हणाली ना, नुसतं जायचं.

जावई जुबेर घ्यायला आला होता. घराचं दार उघडलं तेव्हाच आतून पोराचं किंचाळणं ऐकू आलं. न्हाणीघरात सनोबर ओणवी होऊन उभी, समोर निळा टब, आणि टबात तांबडंलाल झालेलं, हातातून निसटू पाहणारं पोर. सनोबरचे केस विस्कटलेले, डोळे जागरणाने सुजलेले. आईला पाहून ती हसलीही नाही.

जहिराने कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि दारात गप्प उभी राहिली. जीव तुटत होता, पण उभी राहिली.

सनोबरने पोराला टॉवेलात उचललं. नाक वर केलं. "अम्मी, तेल हाडलंस?"

"नाय. सोडल्यानी नाय. ही बघ, खाली बाटली."

"मगे वास खंयसून येता?"

जहिराने खाली बघितलं. मग लहान पोरीसारखी सलवार वीतभर वर केली. नडग्या अजून चकचकत होत्या.

सनोबरने त्या पायांकडे बघितलं. मग तिने पायानेच टब बाजूला सारला. पाणी फरशीवर सांडलं.

"बस," ती म्हणाली. "माका जमना नाय गो. तू घे."

जहिरा ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली. गुडघे कुरकुरले, एका जागी चांगलीच कळ आली, पण पाय सरळ झाले. सनोबरने पोराला त्या दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत पालथं ठेवलं. पोराने रडायचं काही थांबवलं नाही, उलट टिपेला नेलं.

"रड रे, रड," जहिरा कोमट पाण्याचा मग उचलत म्हणाली. "तुझी आवस ह्याच पायार तुझ्यापेक्षा मोठ्यान रडलेली."