आवाज बंद करून बघणारा माणूस

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि माझं चुकतं हे तोवर मला कुणी पटवून दिलेलं नव्हतं. त्या वर्षी सिंगापूरला, तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये एक गृहस्थ आले, वर टांगलेल्या टीव्हीकडे बोट केलं आणि चहाच्या गाळ्यावरच्या चिनी अंकलला इंग्रजीत म्हणाले, आवाज बंद करा. अंकल वैतागला. आवाज नको तर टीव्ही कशाला, लाह. इथे वाक्यामागे लाह लावतातच. गृहस्थांनी हात जोडले. अंकलने पुटपुटत रिमोट दाबला. मग ते माझ्या टेबलावर येऊन बसले आणि मराठीत म्हणाले, "आता बघा काय दिसतं ते."

मी मराठी हे त्यांना विचारावं लागलं नाही. जरा आधी मी कोल्हापूरच्या भावाशी फोनवर बोलत होतो, आणि माझं बोलणं पलीकडच्या ब्लॉकपर्यंत जातं.

मी चौथी शिकलेला. चाळीस वर्षं लेथवर काढली, केसाएवढा फरक बोटाला कळायचा. मुलाने इथे आणलं. ते गृहस्थ पुण्याच्या एका दैनिकात मथळे लावून निवृत्त झालेले, आमच्याच ब्लॉकात नवव्या मजल्यावर मुलीकडे राहायचे. मी त्यांना पेपरवाले म्हणायचो, ते मला मिस्त्री. नाव लिहीत नाही. ते असते तर त्यांनी पहिल्यांदा तेच खोडलं असतं.

त्या दिवसांत टीव्हीवर अमेरिकेतल्या गोळीबाराचं चाललं होतं. पोलिसांच्या गाड्या, हात वर करून पळणारी माणसं, आणि मग दोन बाजूंना बसून भांडणारे लोक. कशावर, ते पेपरवाले मराठीत सांगायचे: बंदुकांवर कडक कायदा करावा की करू नये. मी म्हटलं, केवढं गाव पळतंय हो. पेपरवाले म्हणाले, "हे कालचंच पळणं आहे." त्यांनी मला एक बाई दाखवली, पिवळ्या स्वेटरची. ती झाडापाशी अडखळायची आणि पळायची. दुसऱ्या दिवशी ती तिथेच अडखळली. तिसऱ्या दिवशीही. मला वाटत होतं अख्खं गाव पळतंय, आणि ती एकटीच तीन दिवस पळत होती.

एकदा त्यांनी उलटं केलं. अंकलला सांगून आवाज मोठा करायला लावला आणि माझ्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने विचारलं, "मिस्त्री, काय वाटतंय?"

राग येतोय, मी म्हटलं.

"इंग्रजी कळतं तुम्हाला?"

नाही.

"मग राग कशाचा आला?"

मी पुन्हा कान दिला. बातमीच्या मागे ढोल वाजत होते, हळूहळू जवळ येणारे. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. इतके दिवस ते माझ्या छातीत वाजत होते आणि मला वाटायचं माझंच काळीज.

तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर तो सहन करणं किती अवघड असतं ते तुम्हाला सांगायला नको. पेपरवाल्यांची एक खोड होती. टेबलावर तिसरे एक तमिळ मास्तर असायचे, निवृत्त, मोडकं हिंदी बोलणारे. बातम्या सुरू झाल्या की पेपरवाले कागदाच्या तीन चिठ्ठ्या लिहून घडी घालायचे आणि आपल्या चहाच्या कपाखाली ठेवायचे. आम्ही वाद घालून थकलो की उघडायचे. ज्या दिवशी रडणाऱ्या आया दाखवल्या, त्या दिवशीची माझी चिठ्ठी: मिस्त्री म्हणणार, सगळ्या बंदुका गोळा करून वितळवा. मी शब्दाला शब्द तेच म्हणालो होतो. पुढल्या आठवड्यात एक म्हातारी दाखवली, तिने घरात शिरलेल्या दोघांना बंदूक रोखून पळवलं होतं. चिठ्ठी: मिस्त्री म्हणणार, घरात एक तरी हवीच. मी तेही म्हणालो होतो.

मला फार अपमान वाटला. म्हटलं, मी माझ्या डोक्याने बोलतो, टीव्हीच्या नाही. त्यांनी तिसरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. ती त्यांच्या स्वतःच्या नावाची होती. तीत लिहिलं होतं: मी आज गप्प बसेन, कारण मला भीती वाटेल.

ती भीती कुठली होती ते मला मग हळूहळू कळलं. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता, सून आणि सहा वर्षांची नात. मुलगा रोज संध्याकाळी एकच चॅनल लावायचा. त्यावर चोर, दरोडे, पोलीस वेळेवर येत नाहीत, सरकार तुमच्या बंदुका काढून घेणार, हेच. त्याच्या गल्लीत कधी सायकलसुद्धा चोरीला गेली नव्हती. तरी त्याने पिस्तूल घेतलं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. म्हणाला, बाबा, तिचा हात पोचत नाही.

"ती दर महिन्याला वाढते," पेपरवाले मला म्हणाले.

मी म्हटलं, मुलाला तुम्ही समजावत का नाही, तुम्ही तर यातले. ते म्हणाले, मी त्याला वेगळ्या चॅनलवरची आकडेवारी ऐकवतो, तो मला त्याच्या चॅनलवरची ऐकवतो, आणि आम्ही दोघं फोन ठेवतो. मग त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी एका भुरट्या चोरीची बातमी आली होती. एक सुरी, दोन काठ्या. मथळ्यात जागा उरत होती म्हणून त्यांनी एक शब्द वाढवला: सशस्त्र. आठवडाभर त्या भागात लोक दाराशी गज ठेवून झोपले. एके पहाटे एका वॉचमनने दूधवाल्याचं मनगट मोडलं. "जागा उरत होती, मिस्त्री," ते म्हणाले. "बाकी काही कारण नव्हतं."

आता माझं सांगतो.

नवरात्राच्या आधी एकदा त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. पेपरवाल्यांनी माझी ओळख करून दिली, हे मिस्त्री, कोल्हापूरचे. पोरगा गोड होता. काका काका करत होता. म्हणाला, काका, तुम्ही सांगा, घरात संरक्षणाला काही असावं की नाही? आदल्याच दिवशी ती म्हातारी टीव्हीवर पुन्हा दाखवली होती. एवढा शिकलेला माणूस मला विचारतोय म्हटल्यावर मी ताठ बसलो. म्हटलं, असायलाच पाहिजे. हत्यार काय लपवायची वस्तू आहे? आपल्यात खंडेनवमीला हत्याराची पूजा करतात. मी चाळीस वर्षं लेथची केली. तू तुझ्याची कर, उजळ माथ्याने घरात ठेव.

पोरगा बापाला म्हणाला, ऐकलंत ना बाबा.

खंडेनवमीला पेपरवाल्यांच्या फोनवर फोटो आला. पाटावर लाल कापड, त्यावर ते पिस्तूल, हळदकुंकू लावलेलं, झेंडूचं फूल. शेजारी परकर पोलकं घातलेली नात हात जोडून बसली होती. खाली लिहिलं होतं, मिस्त्रीकाकांना नमस्कार सांगा.

पेपरवाल्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला. मग फोन टेबलावर उपडा ठेवला. म्हणाले, आतापर्यंत पोरगी त्या पिस्तुलाला घाबरत होती. आता ती त्याला नमस्कार करते.

काही दिवसांनी ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही त्याला एक फोन करा. सांगा, माझं चुकलं. माझं तो ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

मी नाही म्हणालो. एकदा बोललेला शब्द मी मागे घेत नाही. कारखान्यात कधी घेतला नाही, घरात बायकोपुढे कधी घेतला नाही, आणि ज्याला मी एकदाच फोनवर पाहिलं त्याच्यापुढे घेऊ? ते जास्त आग्रह करणारे नव्हते. मान हलवली, अंकलकडून माझ्यासाठी आणखी एक चहा आणला आणि टीव्हीकडे बघत बसले. आवाज बंदच होता.

दिवाळी झाली आणि ते अमेरिकेला गेले, राहायलाच. कागद मुलाने आधीच करून ठेवले होते. मुलीने विचारलं, इथे काय कमी आहे बाबा? त्यांनी तिला काय सांगितलं ते माहीत नाही. मला सांगितलं, तिथे एक खुर्ची लागते माझी.

ती खुर्ची मी व्हिडिओवर पाहिली. लाकडी, पाठ उंच. त्यांनी ती हॉलमधल्या पिस्तुलाच्या कपाटाला पाठ लावून ठेवली होती आणि दिवसभर तिथेच बसायचे. वाचायचे, डुलकी काढायचे. सुनेने सोफ्यावर बसा म्हटलं तरी उठायचे नाहीत. नात शेजारी चित्रं काढायची. आठवड्यातून एकदा मला फोन करायचे आणि विचारायचे, आज अंकलच्या टीव्हीवर कोण पळतंय? मी सांगायचो. पिस्तुलाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. त्यांच्या मागे ते कपाट मात्र दर वेळी दिसायचं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांची मुलगी खाली आली. मी चहा घेत होतो. ती समोर बसली आणि म्हणाली, काका, बाबा गेले. झोपेतच. खुर्चीतच. मी विचारलं, दुखलं का? नाही म्हणाली. मास्तरांनी डोळे पुसले. अंकलला काय कळलं कुणास ठाऊक, त्याने उठून टीव्हीचा आवाज बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं.

मी घरी आलो आणि मला एकच गोष्ट सुचत होती. त्या कपाटापुढे आता कोणी बसलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीकडून नंबर घेतला आणि तिच्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. पोरगा दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. मी उभा राहूनच बोललो. म्हटलं, तुझ्या वडिलांनी मला एक काम सांगितलं होतं, मी ते केलं नाही. त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. ते मी बोललोच नव्हतो, आदल्या दिवशी बघितलेला टीव्ही बोलत होता.

तो म्हणाला, काय काका? ऐकू येत नाही.

त्याच्याकडे बातम्या चालू होत्या. ढोल मी लगेच ओळखले. त्याच्या खांद्यामागे कपाट दिसत होतं आणि कपाटापुढे ती खुर्ची, तिथेच, कुणी हलवलेली नव्हती. नात तिच्यावर चढून उभी होती. हात वरच्या कप्प्याकडे होता.

"आवाज बंद कर," मी म्हटलं. मग ओरडलो, आयुष्यात ओरडलो नव्हतो एवढ्या जोरात. "आवाज बंद कर आणि मागे बघ."

त्याने मागे पाहिलं. फोन पडला, मला नुसतं छत दिसू लागलं. धावल्याचा आवाज आला, मग ती रडल्याचा, उचलून घेतल्यावर मुलं रडतात तशी. कुणीतरी टीव्ही बंद केला. पोरगा परत आला तेव्हा ती त्याच्या कडेवर होती.

आता तिथे काहीच वाजत नव्हतं. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.