वात आजीचा आहे

नोकरीतल्या बहुतेक केसेस मी ऑफिसातच ठेवून आलो. एक मात्र माझ्याबरोबर घरी आली आणि अजून जायचं नाव घेत नाही. बायको देवाजवळ दिवा लावायला बसली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो, ते त्या केसमुळे. तिला कारण माहीत आहे, म्हणून ती विचारत नाही. नावं मी कुणाचीच सांगणार नाही.

मी मूळचा मिरजेचा. लग्नानंतर इंग्लंडात आलो, लीड्समध्ये पोलिसांत लागलो आणि डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून निवृत्त झालो. स्टेशनात मराठी समजणारा मी एकटाच. त्यामुळे फायलीवर मराठी आडनाव दिसलं की ती माझ्या टेबलावर येऊन पडायची. मला त्याची घमेंड होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. इथे जन्मलेली मुलं 'माझा आई', 'तो भाजी' असं बोलली की मी जागच्या जागी सुधारायचो. मंडळाच्या गणपतीत मी दिसलो की ती पोरं माझ्यासमोर इंग्रजीच बोलायची. माझा हा स्वभाव लक्षात ठेवा, कारण सगळी केस त्यावरच अडली.

एका सकाळी स्टेशनात निनावी फोन आला. बाई इंग्रजीत बोलत होत्या. बाजारात एक व्हेपचा, म्हणजे इ-सिगारेटचा, गाळा आहे, तिथला माणूस लिक्विडमध्ये काहीतरी मिसळतो, लोक मरतील तेव्हा जागे व्हाल का, असं म्हणाल्या. नाव विचारल्यावर गडबडल्या, 'अरे देवा' म्हणाल्या आणि फोन ठेवला. ड्यूटीवरच्या पोराने ते शेवटचे शब्द जसे ऐकू आले तसे लिहून ठेवले होते. ते वाचून मी हसलो. हसण्याची ती शेवटची वेळ.

त्याच दिवशी एका मोठ्या हॉस्पिटलातून डॉक्टरांचा फोन आला. चौतीस वर्षांचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर, नागपूरचा, श्वास घेता येत नाही म्हणून दाखल झाला होता. त्याच्या फुप्फुसातून काढलेल्या पाण्यात चरबी सापडली. निरोगी तरुण माणसाच्या फुप्फुसात चरबी जाते कशी? डॉक्टरांचा संशय व्हेपवर होता. चोरून विकल्या जाणाऱ्या गांजाच्या तेलकट लिक्विडने असं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्याला बेशुद्ध ठेवून श्वासाच्या मशीनवर घातलं होतं, त्यामुळे त्याला काही विचारायची सोय नव्हती.

मी त्याच्या फ्लॅटवर गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं, मी पोलीस म्हणताच ती 'अरे देवा' म्हणाली आणि फोनवरच्या बाई मला सापडल्या.

"काका, मीच फोन केला होता," तिने लगेच मान्य केलं. "सॉरी, पण मी फेडअप झाले होते. त्या कॉइलवाल्यानेच ह्याला नादी लावलं. रेडिमेड घेत नाही हा, ते रीबिल्डेबल की काय, स्वतः तार गुंडाळायची, स्वतः कापूस भरायचा. संडेला दोन-दोन तास त्याच्या गाळ्यावर!"

इंजिनिअरची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. पांढऱ्या केसांची, बारीक चणीची बाई. देवघराजवळ खाली बसता येत नाही म्हणून खुर्चीवर बसली होती, मांडीवर कापूस, हात चालू. मला बघून उठू लागली.

"बसा काकू," मी म्हणालो.

"गुडघे धरलेत हो या थंडीनं," ती म्हणाली. "माझा मुलगा बरा होईल ना साहेब? तुम्ही आपल्याकडचे आहात, तुम्ही खरं सांगाल."

मी म्हणालो, होईल. पोलिसाने असं आश्वासन कधी देऊ नये.

सुनेने आल्याचा चहा केला, तो मी प्यायलो. इंजिनिअरचं व्हेप आणि त्याच्याजवळची एक छोटी डबी हातमोजे घालून पिशवीत सील केली. डबीत कापसाच्या सात सुरळ्या होत्या. सगळ्या एका लांबीच्या, एका जाडीच्या. इतक्या नेटक्या, की मी नोंदीत लिहिलं: 'कापसाच्या सुरळ्या, कारखान्यात बनवलेल्या, नग सात'. आणि समोर काकू कापूस वळत बसल्या होत्या. मी ते पाहिलं. शपथेवर सांगेन, मी ते डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही गाळ्यावर गेलो. कॉइलवाला तिशीचा, इथेच जन्मलेला, आईवडील ठाण्याचे. मी आधी गिऱ्हाईक म्हणून उभा राहिलो. तो काम करत होता. तीन मिलिमीटरच्या दांडीवर त्याने तारेचे सहा वेढे घेतले, दोन्ही टोकं स्क्रूखाली आवळली, बटण दाबून तार मधून कडेपर्यंत सारखी लाल होते का ते पाहिलं. मग कॉइलमधून कापूस ओवला; तो लिक्विड शोषतो आणि तार ते तापवून त्याची वाफ करते. मी मराठी आहे हे कळल्यावर खूश झाला.

"कॉइल इझी आहे, काका. कॉटन इज द हार्ड पार्ट. टाइट असली तर लिक्विड येत नाही, जळतो. लूज असली तर गळतो."

"असलं," मी म्हणालो. "टाइट असलं तर जळतं."

"हां, तेच."

मग मी ओळखपत्र दाखवलं. अटक करायच्या आधी त्याचं व्याकरण सुधारणारा मी जगातला एकटाच पोलीस असेन.

काउंटरखाली लेबल नसलेल्या नऊ बाटल्या मिळाल्या. अपायकारक पदार्थ दिल्याच्या संशयावरून त्याला स्टेशनात आणलं. आमच्याकडे त्याला चोवीस तास ठेवता येत होतं. तेवढ्यात आरोप ठेवायचा, नाही तर सोडायचं. वकिलाने गप्प राहायचा सल्ला दिला. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि माझ्या प्रत्येक प्रश्नावर त्याचं एकच उत्तर, नो कॉमेंट. बाटल्या कशाच्या? नो कॉमेंट. इंजिनिअरला लिक्विड कुणी दिलं? नो कॉमेंट. हात मात्र वकिलाच्या पेनाशी सारखा चाळा करत होते. मला वाटलं, दोषी माणसाचे हात आहेत. घाबरलेल्या माणसाचे हातही तसाच चाळा करतात, हे बत्तीस वर्षांत शिकायला हवं होतं.

कोठडीकडे नेताना तो हळूच मराठीत बोलला.

"काका, आजीला विचारा ना. वात आजीचा आहे."

पांढरे केस दिसले की ही मुलं सरळ 'आजी' म्हणतात, तेव्हा तो काकूंबद्दल बोलतोय हे मला कळलं. त्यांचे दुखरे गुडघेही मी नुकतेच पाहून आलो होतो. त्याची मोडकी वाक्यं मनात दुरुस्त करूनच मी ऐकत होतो. 'आजीला वात आहे, तिची विचारपूस करा.' मला रागच आला. माणूस मशीनवर पडलाय आणि हा म्हातारीच्या सांधेदुखीचा कळवळा दाखवून मला खिशात घालायला बघतोय!

"औषध मिळेल तिला," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं. तो आत काहीतरी म्हणाला, ते मी ऐकलं नाही.

चौकशीच्या खोलीबाहेर आरोपी काही बोलला तर तेही वहीत लिहायचं, त्याला वाचायला द्यायचं आणि सही घ्यायची, असा नियम आहे. मी लिहिलं नाही. वाताची काय नोंद करायची? लिहिलं असतं तर त्याने ते इंग्रजीत वाचलं असतं आणि तिथल्या तिथे म्हणाला असता, हे नाही, मी दुसरंच सांगतोय. केस पाच मिनिटांत सुटली असती.

संध्याकाळी डॉक्टरांनी कळवलं, ही चरबी गांजाच्या तेलातली नाही, कुठल्याच वनस्पतीची नाही. दुधातली आहे, लोण्यासारखी. मी लगेच जप्त बाटल्या हुंगत बसलो. दोन बाटल्यांना बटरस्कॉचचा वास! माझ्या लेखी काम झालं होतं. सकाळी दहाच्या आत आरोप ठेवायचं ठरलं. इंजिनिअर हाच फ्लेवर ओढायचा, एवढं घरच्यांकडून लिहून आणायचं बाकी होतं.

सकाळी आठला मी पुन्हा फ्लॅटवर गेलो. सून हॉस्पिटलात होती, काकू एकट्याच. तीच खुर्ची, मांडीवर कापूस. बोलायला सुरुवात म्हणून मी सहज म्हणालो, "काकू, वाताचं काही औषध घेता का? तो कॉइलवाला तुमची काळजी करत होता."

"मला कुठे वात?" त्या म्हणाल्या. "गुडघे झिजलेत माझे. तो वातीबद्दल म्हणाला असेल. माझ्या वाती फार आवडल्यात त्याला. आजीचा हात बेस्ट आहे म्हणतो."

मी वही उघडून कोठडीच्या दारातलं त्याचं वाक्य लिहिलं. वात आजीचा आहे. वात आजीची आहे. आयुष्यभर लोकांच्या चुका सुधारल्या आणि ही एक सुधारायची, तर भलतंच सुधारून बसलो.

"कसल्या वाती, काकू?"

"त्याच्या त्या नळीतल्या. त्या गाळ्यावर गेले होते ना मी याच्याबरोबर. अहो, कापूस असा कोंबतात का? मी म्हटलं, दे इकडे. घट्ट वळली तर तेल चढत नाही, सैल वळली तर ठिबकते. दिव्याचं तसंच त्याचं. तेव्हापासून मीच करून देते." त्यांनी कापसातला कचरा काढला, त्याचा पेळू हातावर घेऊन एक वळसा दिला, आणि डबीतल्यासारखी हुबेहूब सुरळी माझ्यासमोर धरली. "दिव्याच्या वातीला दुधाचं बोट लावते. याच्या वातीला तुपाचं."

मी विचारलं, "तूप कशाला?"

"खोकला किती कोरडा त्याचा! ऐकवत नव्हता हो. माझे वडील खोकल्यावर हळदीची वात करायचे, तूप लावून, आणि तिची धुरी घ्यायला लावायचे. घरी कढवते मी तूप, बाहेरचं नाही वापरत." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला दुसरीकडे बघावं लागलं. "हे तुम्ही लिहून घेताय? घ्या. हॉस्पिटलात उपयोग होईल."

आधी मी बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. तूप? असं त्यांनी दोनदा विचारलं. मग ते म्हणाले, आता आम्हाला कळलं काय करायचं ते.

आता जबाब. कॉइलवाल्याच्या दहाला दीड तास उरला होता. काकूंचा जबाब नसेल तर नऊ बाटल्या आणि 'नो कॉमेंट' यांच्या जोरावर त्याच्यावर आरोप लागणार होता. मनात आलं, वाती कोण करायचं एवढंच लिहून घ्यावं, कशासाठी ते सांगू नये. पण जबाब वाचून दाखवावा लागतो, आणि सही करणाऱ्याला ती कशावर करतोय हे समजलेलं असावं लागतं. दुसरं कुणी असतं तर मी हा नियम बिनदिक्कत पाळला असता. या आईसमोर बसून मला तो नको झाला. दुभाषा बोलावता आला असता, पण मग ते त्यांना एका परक्या माणसाने फोनवरून सांगितलं असतं. वरिष्ठांची परवानगी काढली आणि मीच सांगितलं.

फुप्फुसात तूप गेलंय, काकू. वातीतून.

त्या रडल्या नाहीत. हातातली वात त्यांनी मांडीवर ठेवली, पदराने बोटं पुसली, एकेक बोट, पुन्हा पुन्हा. मग त्या पोराला सोडणार का, एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर पेन मागितलं. पूर्ण नाव मराठीत, सावकाश लिहिलं. पेन परत देताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण पहिल्या आठवड्यात त्याचा खोकला खरंच कमी झाला होता हो."

मी पेन खिशात घातलं आणि स्टेशनात फोन लावला.

दहाला दहा मिनिटं असताना कॉइलवाला सुटला. बाटल्यांत त्याचे स्वतःचे फ्लेवरचे प्रयोग निघाले, बाकी काही नाही. तूप लावलेलं त्यालाही माहीत नव्हतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "मी सांगितला होता ना, काका."

"हो, सांगितला होतास," मी म्हणालो.

या केसने मला काय शिकवलं? गुन्हा शोधायला निघालेला माणूस गुन्हेगारच शोधतो, आणि त्या घरात तो नव्हताच. हे मला डॉक्टरांनी, बाटल्यांनी, वकिलाने सांगितलं नाही. ज्याला धड मराठी येत नाही, त्या माणसाने सांगितलं, आणि मी त्याच्या वाक्यातली चूक तेवढी ऐकली. आता कुणी 'तो वात' म्हणालं तर मी सुधारत नाही. 'म्हणजे काय रे?' असं विचारतो.

इंजिनिअर दोन महिन्यांनी घरी आला. व्हेप सुटलं. वर्षभराने सूनबाई बाजारात भेटल्या. नवरा आता जिने चढतो, म्हणाल्या. काकू पुन्हा आल्या आहेत, बऱ्या आहेत. "फक्त कापसाला हात लावत नाहीत, काका. देवाच्या वाती आता हाच करतो. अगदीच घट्ट वळतो, तेल चढतच नाही, दिवा सारखा विझतो."

"मग काकू काय म्हणतात?" मी विचारलं.

"शेजारी बसून बघतात नुसत्या."