बाबलीच्या बंदुकीचा आवाज

बाबलीकडे गेलात तर त्याच्या डाव्या बाजूला बसा. उजवा कान चाळीस वर्षांच्या बारांनी केव्हाच निकामी केलाय. काजूच्या बागेतली वानरं तो ठासणीच्या बंदुकीने हाकायचा. नळीत दारू, वर काथ्याचा बोळा, छर्रा कधीच नाही. वानर म्हणजे मारुतीचं लेकरू, त्याला मारलं तर वंश बुडतो, असं त्याची आई सांगायची. म्हणजे त्या बंदुकीचं सगळं काम आवाजाचंच. आधी जरा फुसफुसायची, मग धडाम. शेतीसंरक्षणाचा रीतसर परवाना होता, आणि नूतनीकरणाचा अर्ज दर वेळी मी लिहून द्यायचे. तीस वर्षं या गावात मराठी शिकवलं, निवृत्त झाले तरी शहाणपणा शिकवायची खोड गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी बागेच्या खालच्या अंगाला कौस्तुभने होमस्टे बांधला. गावचाच मुलगा, माझाच विद्यार्थी. पाहुणे शांतता शोधत येतात म्हणे. या फेब्रुवारीत एका पाहुण्याने सकाळच्या बाराचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं आणि कौस्तुभने ते जोडून तक्रार केली. बाबलीला कचेरीतून बोलावणं आलं. परवाना जाणार या धास्तीने त्याला जेवण जाईना. बंदूक गेली की काजू वानरांचे, आणि काजूवाचून त्याच्यापाशी दुसरं काहीच नाही.

त्याच आठवड्यात माझ्या भाच्याचा, ॲल्स्टनचा, टेक्सासहून फोन आला. तिकडे बंदुकीच्या नळीवर बसवायच्या सायलेन्सरवरचा कर यंदापासून सरकारने शून्य केलाय, लोक कान सांभाळायला लावतात, आवाज पुरता जात नाही, कमी होतो, असं तो बोलता बोलता सांगून गेला. आणि मी मूर्ख, ते बाबलीला सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. झाडावरच्या वानरांना ऐकू जाईल, खालच्या पाहुण्यांना नाही, तंटाच मिटला. आपल्याकडे याला बंदी असेल, असं मी म्हटलंही.

"म्हणानच इचारून घेवया," तो म्हणाला. "लपान कित्याक करूचा? आमी काय चोर आसंव?"

मी सुवाच्य अक्षरात दीड पानी अर्ज लिहिला. तो लिहिताना मला अभिमानसुद्धा वाटला, हे कबूल करते.

साहेब तरुण होते, वागायला सभ्य. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. ज्या तोंडातून दारू ठासायची त्या तोंडावर हे बसवणार कुठे, असं त्यांनी विचारलं. आम्हा दोघांना हे सुचलंच नव्हतं. मग म्हणाले, "वानरं आवाजाने पळतात म्हणता, आणि आवाजच कमी करून मागता. मग ही बंदूक हवी कशाला?"

बाबली ताठ बसला आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाला, "साहेब, मी आजवर एकही जनावर मारलेलं नाही."

पण विनाआवाजाची बंदूक शिकाऱ्यालाच लागते, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. परवाना निलंबित, बंदूक पोलीस ठाण्यात जमा. तक्रारीवर नुसती समज देऊन सोडलं असतं, हे बाहेर शिपायाने सांगितलं. म्हणजे घात केला तो अर्जाने. माझ्या अर्जाने.

एप्रिलपर्यंत वानरांनी निम्मी बाग ओरबाडली आणि मग मोर्चा होमस्टेकडे वळवला, कौलं फोडली. एका दुपारी मी बाबलीच्या पडवीत बसले होते. त्याची बायको तुळसा चहा घेऊन आली आणि खालून आवाज आला. जरासं फुसफुसणं, मग धडाम. वानरं उड्या मारत वर आली, थेट बाबलीच्या काजूत. कौस्तुभने आंब्याला स्पीकर बांधला होता. पाहुण्यांना कौलं फुटण्यापेक्षा हा आवाज बरा वाटतो म्हणे.

बाबलीने डावा कान तिकडे केला. पुन्हा तोच बार झाला. तक्रारीला जोडलेलं रेकॉर्डिंग होतं ते.

"टीचर," तो म्हणाला, "ती माझीच बंदूक."

माझं डोकं फिरलं. आजच कौस्तुभविरुद्ध अर्ज लिहिते, म्हणून मी चष्मा शोधू लागले.

"नको," बाबली म्हणाला. "तुमी आता काय लिवू नकात."

मग त्याने खुर्ची वळवली आणि उजवा कान बागेकडे करून चहा प्यायला.