कानाजवळचा हात

मृणाल बारावीला गेली त्या वर्षी आमच्या घरात बोलणारी मी एकटीच उरले होते. हे सातपूरच्या कंपनीत शिफ्टला, आणि आमची एकुलती एक मुलगी घरात असून नसल्यासारखी. काही विचारलं तर हो किंवा नाही. जेवायला बोलावलं तर ताट उचलून खिडकीपाशी जाऊन बसायची. मग पालकसभेत कळलं की निम्मे तास ती वर्गातच नसते. मी बोलले, ओरडले, शेवटी रडलेही. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "परीक्षा झाली की मी सायखेड्याला आत्याकडे राहायला जाणार. कायमची." रागानं म्हणाली असती तर मी समजूत तरी काढली असती. ती इतकी सहज म्हणाली की ही खरंच जाणार, हे मला कळलं.

सप्तशृंगी आमची कुलदेवता. माझा दिवस देवघरापुढे सुरू होतो. आमचा फ्लॅट लहान, देवघर हॉलमध्येच, आणि तिथल्याच दिवाणावर मृणाल झोपायची. दिवा लावला की मी देवीशी मोठ्यानं बोलते. सासूबाईंची ती सवय, त्यांच्या मागे माझ्यात आली. त्या वर्षी माझ्याकडे विषय एकच होता. "आई, हिला सद्बुद्धी दे. हिला मार्गावर आण. हिच्यापायी चार लोकांत मान खाली घालायची वेळ आलीय." पोर मार्गावर आली की तिला घेऊन गडावर येईन आणि तुझी ओटी भरीन, असा नवसही बोलले होते. पण फरक काही पडेना. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, पलीकडे कुणी ऐकतंय की नाही? अर्ज देऊन ठेवलाय आणि साहेबच जागेवर नाहीत, असं ते सगळं वाटायला लागलं होतं. देवीवर मी चक्क चिडले होते.

अशातच यांनी एक भलतंच सुचवलं. यांच्या साहेबांची मेव्हणी बंगलोरला समुपदेशक होती, आणि घरोघरच्या आईवडील-मुलांशी ती कॉम्प्युटरवरून बोलायची. मराठीतून बोलायची, हे त्यातल्या त्यात बरं. मी म्हटलं, "घरातली भांडणं आता त्या डब्यात बघून मिटणार का? समोर बसलेलं माणूस नाही, काही नाही."

हे चहा पीत म्हणाले, "तू देवीला रोज सांगतेस, ती तरी कुठं समोर येऊन बसते?"

मला राग आला, पण मी तयार झाले. मृणालही तयार झाली, पण एका अटीवर. ते बोलणं संपलं की तिला एकटीला अर्धा तास नेट वापरू द्यायचं.

गंगापूर रोडवर इन्व्हर्टर असलेला एक नेट कॅफे होता, म्हणजे लोडशेडिंगची धास्ती नव्हती. प्लायवूडची केबिन, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि हेडफोन मात्र एकच, माइक लावलेला. तो अर्थातच मी घातला. काय सांगायचं याची मी घरी पुरती तयारी केली होती. पडद्यावर मॅडमचा चेहरा अडखळत उमटला, मी नमस्कार केला आणि सुरुवात केली ती अगदी दहावीच्या निकालापासून. बरंच बोलून झालं तेव्हा लक्षात आलं की त्या मघापासून हात हलवताहेत. माझ्याही कानात काहीच येत नव्हतं. मग पडद्यावर अक्षरं आली. मृणालनं वाचून दाखवलं, "तुमचा आवाज येत नाहीये."

कॅफेच्या मालकानं येऊन वायर काढून पुन्हा खोचली. मी आणखी जोरात बोलले. शेजारच्या केबिनमधून कुणीतरी हसलं. आवाज काही जाईना. मॅडमनी लिहिलं, "मुलीकडे देऊन बघा." मृणालनं हेडफोन घातला, हळूच "हॅलो" म्हणाली, आणि मॅडमचा चेहरा खुलला. माइक तोच होता. "आता तिच्याकडेच राहू द्या," असं त्यांनी लिहिलं.

आता पंचाईत अशी, की मॅडमचे प्रश्न मृणालच्या कानात आणि मला ऐकू येत होती ती नुसती उत्तरं.

"हो... नाही, मारत नाही. कधीच नाही... बाबा चांगले आहेत, पण घरी नसतात... जेवण मस्त करते ती."

मध्ये तोंड घालायची मला खूप इच्छा होत होती. पण प्रश्नच माहीत नाही, तर घालणार कशात? मग मॅडमनी आणखी काही विचारलं, आणि मृणाल खुर्चीत पुढे सरकली.

"सकाळी," ती म्हणाली. "रोज सकाळी. मी जागी असते, फक्त उठत नाही. ती देवीला माझी तक्रार सांगत असते. मी कशी बिघडलेय, कशी वागते, सगळं. डोळे उघडायच्या आधी मला रोज तेच ऐकू येतं. एक तरी चांगली गोष्ट सांगेल म्हणून मी ऐकत पडते, मॅडम. मग कॉलेजला गेलं काय, न गेलं काय. देवीला आधीच माहितीये मी कशी आहे ते."

आत्याकडेच का, असं त्यांनी विचारलं असावं. ती म्हणाली, "तिथं सकाळी नुसता रेडिओ लागतो."

मी तिच्याकडे वळले. मॅडमचा आवाज बारीक येत असणार, कारण मृणालनं हेडफोन हातानं कानाशी दाबून धरला होता आणि मान किंचित कलती केली होती. ते पाहिलं आणि मला गड आठवला. गडावरची आमची देवी अशीच उभी आहे. अठरा हात, हातांत शस्त्रं, पण एक हात कानाजवळ आणि मान कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी तिची स्तुती म्हणताहेत आणि ती ऐकतेय, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले. पलीकडे कुणी ऐकतंय का, असं मी विचारत होते. देवी ऐकत होती आणि दिवाणावर पांघरुणात माझी लेकही ऐकत होती. आपण तिला रोज काय ऐकवतोय, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, पोरीची माया दाटून आली. पदरानं डोळे पुसत मी तशीच बसून राहिले.

निघताना मालकानं माइक तपासला. "आता तर चालतोय, ताई," तो म्हणाला. हे म्हणतात, वायर सैल असेल. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवा लावला आणि सवयीनं तोंड उघडलं. मागे दिवाणावर हालचाल नव्हती, पण ती जागी होती हे मला आता माहीत होतं. वात जरा पुढे सारली. मग म्हणाले, "आई, काल मृणालनं धीर करून खरं सांगितलं. माझी पोर धीराची आहे." एवढंच बोलून मी स्वयंपाकघरात गेले.

लगेच सगळं सुरळीत झालं, असं नाही. मॅडमशी बोलणं पुढेही चाललं, आणि हेडफोन आधी मृणालनं घालायचा असं ठरून गेलं. बारावीला तिला बेताचेच मार्क पडले. सुट्टीत ती सायखेड्याला गेली, मोठी बॅग भरून गेली, आणि सुट्टी संपायच्या आत आपणहून परत आली. का आलीस, असं मी विचारलं नाही. त्या रात्री ताट घेऊन ती आमच्यात जेवायला बसली.

मग आम्ही दोघी गडावर गेलो. मी मागितलं होतं तशी पोर मार्गावर आली होती का, ते सांगता येणार नाही. पण माझी पोर माझ्याजवळ आली होती, आणि त्याचे उपकार मी कुणाकुणाचे मानू? देवीचे, त्या न भेटलेल्या मॅडमचे, की बंद पडलेल्या माइकचे? ओटी भरली, मान वर करून देवीकडे पाहिलं, आणि मागण्यासारखं काहीच आठवेना. हात जोडून नुसती उभी राहिले.

पायऱ्या उतरताना मृणालनं विचारलं, "आज गप्पच होतीस. काहीच नाही सांगितलंस तिला?"

"नाही गं."

"मी सांगितलं," ती म्हणाली. "तुझी तक्रार नाही केली, घाबरू नको."

काय सांगितलंस, हा प्रश्न अगदी ओठावर आला होता. पण मी विचारलं नाही. देवीनं ऐकलं होतं, तेवढं मला पुरे होतं.