दोन तारखांचा गुन्हा

ती केस आठवली की आजही मला घास गोड लागत नाही. आयसेलिनजवळच्या एका टाउनशिपच्या पोलीस खात्यात मी पंचवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची दहा डिटेक्टिव्ह म्हणून. बाराव्या वर्षी नागपूरहून आई-वडिलांबरोबर इथे आलो आणि आईने मराठी सुटू दिली नाही. त्यामुळे कुठल्याही देशी माणसाचं प्रकरण आलं की डेस्कवरचा सार्जंट मलाच हाक मारायचा, मग तो माणूस तेलुगू का बोलत असेना.

त्या मंगळवारी दुपारी मात्र खरंच मराठी बाई निघाली. औषधांच्या एका दुकानाच्या दारात मॅनेजरने तिला अडवलं होतं. वय अडुसष्ट, अंगावर सलवार-कमीज आणि जावयाचं जुनं जॅकेट. पर्समध्ये रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांचा एक डबा होता. त्यांना मी इथे नुसतं काकू म्हणतो.

मॅनेजर म्हणाला, असा डबा आधीही गेलाय. मी कामाचा पक्का. कॅमेऱ्याचं जुनं चित्रण चिकाटीने पाहिलं आणि अठरा दिवसांपूर्वीची नोंद सापडली. त्याच काकू, तीच पर्स. दोन तारखा, म्हणून मी दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्या. नियमाला धरूनच होतं ते. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला स्वतःच्या चोख कामाचं कौतुकही वाटलं.

हक्क मराठीतून समजावून सांगितले, चहा दिला आणि विचारलं, "काकू, हे असं का केलंत?"

"ह्यांना पॅरालिसिसचा झटका आलाय, शुगर रोज बघावी लागते. इथे येऊन तीनच वर्षं झाली, म्हातारपणाचा सरकारी इन्शुरन्स अजून मिळत नाही आम्हाला."

"मग मुलीला सांगायचं."

"काय सांगू? पुण्याचा फ्लॅट विकून टाकला, हे तिला माहीत आहे. ते पैसे कुठे गेले, ते माहीत नाही. जावयापुढे कुठल्या तोंडाने हात पसरू रे?"

चोर पकडला की पोलिसाचं काम संपतं. माझं तिथे सुरू झालं. आमच्या भागातला एक गुंतवणूक सल्लागार 'मराठी ज्येष्ठांचं गाव' उभारणार होता. पोळी-भाजीचं जेवण, संध्याकाळी भजन, मराठी बोलणारी नर्स. मुलांच्या घरी बेसमेंटमध्ये दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्यांना याहून जास्त काय हवं? काकूंसारख्या अनेकांनी तिकडची घरं विकून त्याला पैसे दिले होते. मी चौकशीला गेलो तर दारं लावून घेतली लोकांनी. "केस केली तर आहेत ते पैसेही बुडतील," असं एका काकांनी मला खिडकीतून सांगितलं. जबाबावर पहिली सही काकूंनी केली. त्यानंतर बाकीचे धीर करून आले.

तोवर काकूंची तारीख लागली. त्या घाबरल्या होत्या. मी म्हणालो, "काकू, वकील कशाला? गिल्टी म्हणा, फाइन भरा, विषय संपला." असा सल्ला देणं माझं काम नव्हतं. त्या कोर्टात उभ्या राहिल्या, दोनदा गिल्टी म्हणाल्या, दोनदा दंड भरला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्या सल्लागाराची गोष्ट वेगळी. मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट याच्या हातात, आणि कुणाचेही आई-वडील दिसले की हा वाकून नमस्कार करणार. दुकानातून चोरणारा माणूस सहसा नजर चुकवतो. हा माझ्या डोळ्यांत बघून माझ्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी करत होता.

"दादा, मार्केट डाउन झालं यार. अप्रूव्हल्स डिले झाली. इंटेन्शन तसं नव्हतं माझं."

त्याच्या माहितीपत्रकावरच्या जागेचा पत्ता घेऊन मी दीड तास गाडी चालवत गेलो. तिथे गुडघाभर पाणी, लव्हाळी, आणि बांधकामास मनाई असल्याची काउंटीची पाटी. नोंदणी कार्यालयातल्या बाईने कागद काढून दाखवला. ती पाणथळ जागा कधी विक्रीला निघालीच नव्हती. पाटीचा फोटो मी त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "मला लॉयर हवाय." बँकेच्या कागदांवरून कळलं, की गावाच्या पैशांतून त्याने स्वतःचा बंगला बांधला होता.

केस सरकारी वकिलाकडे गेली आणि वाटाघाटी सुरू झाल्या. प्रत्येक कुटुंबाची फसवणूक वेगळी सिद्ध करायला वर्षं लागली असती, आणि म्हाताऱ्यांकडे वर्षं नव्हती. शेवटी तडजोड झाली. सगळे मिळून एकच योजना, म्हणून एकच गुन्हा. त्यातून पहिलाच गुन्हा, म्हणून तुरुंग नाही. वर्षभर घरातच राहायचं आणि हप्त्याने भरपाई द्यायची. घर म्हणजे तोच बंगला. मी सरकारी वकिलाशी भांडलो. तो म्हणाला, "तुझा तपास उत्तम होता. पण कायदा असाच मोजतो."

पुढे काकूंची बहीण वारली, म्हणून त्या पुण्याला जाऊन आल्या. परतीच्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला.

"दादा, आईला एअरपोर्टवर थांबवलंय. ग्रीन कार्ड काढून घेतलं. दोन कन्व्हिक्शन्स आहेत म्हणतायत. तुम्ही तर तिला म्हणाला होतात, विषय संपला!"

इमिग्रेशन कोर्टात मी स्वतः साक्षीला उभा राहिलो. याच बाईमुळे मोठी फसवणूक उघडकीला आली, हे सांगितलं. न्यायाधीश बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अशी किरकोळ चोरी एक असती तर कायद्यात सूट होती, त्या म्हणाल्या. वेगवेगळ्या दिवशीच्या दोन चोऱ्यांना ती सूट नाही, आणि माफीसाठी लागतात तेवढी वर्षंही इथे राहून झालेली नाहीत. त्यांनी काकूंना देश सोडण्याचा आदेश दिला.

शिक्षा गुन्ह्याच्या आकारानुसार होते, असं मी नव्या शिपायांना वर्षानुवर्षं शिकवलं. ते खोटं होतं. माणसांचा विश्वास लुटणारा वकिलांना घेऊन येतो आणि त्याच्या शेकडो चोऱ्यांची एक मोट बांधून मिळते. पट्ट्या उचलणारी बाई एकटी येते, आणि तिची एकेक चोरी माझ्यासारखा माणूस सुटी करून लिहितो. निवृत्त झालो, पेन्शन घेतो. या प्रकरणात मिळालेलं प्रशस्तिपत्र मी कपाटाच्या तळाशी टाकलंय. ते फाडायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

काकू जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या मुलीच्या घरी गेलो. झटका आलेल्या काकांना विमानप्रवास झेपणार नव्हता, ते इथेच राहणार होते. काकू लेकीला त्यांच्या गोळ्यांच्या वेळा पुन्हा पुन्हा समजावत होत्या. काका पलंगावरून डाव्या हाताने त्यांच्या ओढणीचं टोक धरून होते. ते हळूच सोडवून त्या मला दारापर्यंत पोचवायला आल्या.

"एक विचारू? खरं सांग हं," त्या म्हणाल्या. "ते दोन्ही डबे मी एकाच दिवशी उचलले असते, तर ह्यांच्याजवळ राहता आलं असतं का रे मला?"

मी म्हणालो, "हो, काकू."